तांत्रिक दस्तऐवज, संगणकीय : स्वतंत्र आज्ञावलीकारांना उपलब्धता

संगणकाचे यंत्र, त्यावर चालणारी आज्ञावली किंवा या दोहोंमधील संदेशवहन यांची रचना व वर्तन ज्या लेखात निर्मात्याने अथवा अधिकृत संस्थेने नमूद केलेले असते, त्याला संगणकीय तांत्रिक दस्तऐवज असे म्हणतात. यात संदर्भ-पुस्तिका, विनिर्देश, फाईलच्या अंतर्रचनेचे वर्णन, दोन आज्ञावलींमधील आंतरपृष्ठाचे वर्णन, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय मानके आणि त्यांच्या शुद्धिपत्रांचा समावेश होतो. यंत्र कसे चालवावे हे सांगणारी वापर-पुस्तिका ग्राहकासाठी असते व ती यंत्राबरोबर मिळते. तांत्रिक दस्तऐवज हा त्या यंत्राशी जोडली जाणारी दुसरी वस्तू बनविणाऱ्यासाठी असतो व तो मिळेलच असे नाही. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या वा शासकीय खात्याच्या सेवेत नसलेला, स्वतःच्या जबाबदारीवर आज्ञावली लिहून देणारा जो स्वतंत्र आज्ञावलीकार, त्याच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. मोठी कंपनी निर्मात्याशी गोपनीयतेचा करार करून किंवा सभासद-वर्गणी भरून दस्तऐवज मिळवू शकते. एकट्या माणसाजवळ बहुधा जे छापून प्रसिद्ध झाले आहे तेवढेच असते.

सातारा व सांगली हे दोन जिल्हे मुळात एकच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, सोसायट्या आणि हळद-बेदाण्याच्या बाजारपेठा यांचे येथे दाट जाळे आहे. यांतील लहान संस्थांचे हिशेब पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांपेक्षा स्थानिक आज्ञावलीकारांनीच प्रामुख्याने संगणकावर आणले. त्यामुळे प्रस्तुत विषयाचे सर्व पैलू या भागात लहान प्रमाणावर पण स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

दस्तऐवजाचे कार्य : दूध संकलन केंद्राचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक तराजू व दुधातील फॅट आणि एसएनएफ मोजणारे यंत्र अशी दोन उपकरणे असतात. त्यांतून निघणारे आकडे तारेवाटे संगणकाकडे जातात व तेथे उत्पादकाची पावती तयार होते. ही तार बहुधा आरएस-२३२ या जुन्या पद्धतीची असते. या पद्धतीचे मूळ मानक अमेरिकेत १९६० मध्ये व त्याची दीर्घकाळ रूढ राहिलेली आवृत्ती १९६९ मध्ये तयार झाली. तारेतील विद्युत् दाब किती असावा व कोणत्या खुंटीवर कोणता संदेश असावा एवढे या मानकाने ठरते. त्या तारेतून येणाऱ्या अक्षरांचा अर्थ काय, हे मात्र उपकरणाचा निर्माताच ठरवितो आणि तो अर्थ केवळ त्याच्या दस्तऐवजात असतो.

समजा, तराजूकडून दर सेकंदाला अनेक वेळा वजनाचा आकडा येत आहे. भांडे ठेवताना आकडा वरखाली होतो व थोड्या वेळाने स्थिरावतो. काही तराजू स्थिर आकड्याच्या आधी एक खूण व अस्थिर आकड्याच्या आधी दुसरी खूण पाठवितात. ही खूण माहीत नसलेली आज्ञावली, भांडे अद्याप हलत असतानाचा आकडाही वजन म्हणून नोंदवील. फॅटच्या बाबतीत दशांशचिन्ह पाठविले जाते की गृहीत धरलेले असते, हा प्रश्न येतो. ०४१ ही अक्षरे आली, तर ४.१ समजावयाचे की ०.४१? एवढी ढोबळ चूक पहिल्याच दिवशी लक्षात येते. परंतु शेवटचा अंक पूर्णांकित करून पाठविलेला आहे की पुढचे अंक तोडून, हे दस्तऐवजावाचून सहसा कळत नाही. गाईच्या दुधाचा दर महाराष्ट्रात सामान्यतः ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ आणि म्हशीच्या दुधाचा ६.० फॅट व ९.० एसएनएफ या पायावर ठरतो आणि त्याच्या वरखाली दशांशा-दशांशाने दर बदलतो. म्हणून तोडलेला अंक दररोज, दोन्ही वेळा, प्रत्येक उत्पादकाच्या पावतीत उतरतो. त्याची रक्कम लहान असते आणि ती कोणाच्याही ध्यानात येत नाही.

दस्तऐवज न मिळाल्यास आज्ञावलीकार काय करतो? तो तारेला संगणक जोडून येणारी अक्षरे जशीच्या तशी टिपून घेतो, तराजूवर ज्ञात वजने ठेवून पाहतो आणि अनुमानाने संकेत उलगडतो. याला उलट अभियांत्रिकी म्हणतात. कुशल माणसाला हे काम दोन-चार दिवसांत साधते. पण अनुमान हे पाहिलेल्या प्रसंगांपुरतेच खरे असते. तराजूची बॅटरी उतरल्यावर किंवा भार क्षमतेबाहेर गेल्यावर तो कोणता संदेश पाठवितो, हे त्या दोन-चार दिवसांत घडलेच नाही तर ते अज्ञातच राहते. अनुमानाने उलगडलेल्या संकेताला दस्तऐवजाची बरोबरी येत नाही, याचे कारण हेच होय.

पूर्वेतिहास : संगणकाच्या आरंभकाळात यंत्राबरोबर आज्ञावली व तिचे वर्णन ग्राहकाला मिळत असे. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीने आज्ञावलीची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली ही स्वतंत्र विक्रेय वस्तू होऊ लागली. त्याच वर्षी, ७ एप्रिल रोजी, पुढे इंटरनेटमध्ये परिणत झालेल्या जाळ्याच्या कामासाठी आरएफसी नावाच्या टिपणमालेतील पहिले टिपण प्रसृत झाले. ही टिपणे कोणालाही विनामूल्य वाचता येतात. इंटरनेटचा प्रसार इतर जाळ्यांपेक्षा झपाट्याने झाला, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांना कोणाची परवानगी मिळाली नसती, अशांनी ती टिपणे वाचून आज्ञावली लिहिल्या.

युनिक्स या कार्यकारी प्रणालीचा अनुभव याच्या उलट आहे. ऑस्ट्रेलियातील अध्यापक जॉन लायन्स यांनी तिच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी सटीक पुस्तक तयार केले. परंतु १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ आज्ञावली वर्गात शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांच्या टीकेच्या प्रतींवरून काढलेल्या प्रती हातोहात फिरत राहिल्या व ती रीतसर प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडले.

आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक संदर्भ-पुस्तिकेत मंडलांचे आराखडे तर होतेच, पण त्यातील मूलभूत आज्ञावलीची संपूर्ण संहिताही छापलेली होती. ही संहिता लेखाधिकाराने संरक्षित असल्याने तिची नक्कल करता येत नसे, तथापि तिचे वर्तन सर्वांना ज्ञात झाले. कॉम्पॅक कंपनीने यातून मार्ग काढला तो असा : एका गटाने ती आज्ञावली काय करते याचे वर्णन लिहिले आणि मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवी आज्ञावली लिहिली. अशा रीतीने बनलेल्या सुसंगत संगणकांमुळे किंमती उतरल्या आणि भारतातील जिल्ह्याच्या गावी संगणक पोचला, तोही बहुतेक याच जातीचा.

सातारा-सांगली भागातील स्थिती : सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ मध्ये, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये आणि साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय व राजारामनगर येथील राजारामबापू तंत्रशास्त्र संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. शिकलेली माणसे या भागात होती. दस्तऐवज मात्र जवळ नव्हते. पुण्याचा अप्पा बळवंत चौक साताऱ्याहून सुमारे ११० व सांगलीहून सुमारे २३० किमी. अंतरावर आहे, पुस्तकासाठी तेथपर्यंत जावे लागे आणि निर्मात्याची मूळ पुस्तिका तेथेही क्वचितच मिळे. सी भाषेच्या जनकांच्या पुस्तकाची स्वस्त भारतीय आवृत्ती आणि नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ यांसारखी पुस्तके यांवर एका पिढीचे शिक्षण झाले. ही पुस्तके उत्तम असली, तरी ती भाषा शिकवितात; विशिष्ट यंत्राची वा फाईलची अंतर्रचना सांगणे हे त्यांचे काम नव्हे. छपाईयंत्राची संदर्भ-पुस्तिका एखाद्या कचेरीत सापडली, तर तिच्या झेरॉक्स प्रती गावभर फिरत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तीही प्रथम महानगरांत. १९९६ च्या मार्चमध्ये ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने लिनक्स प्रणालीची तबकडी अंकाबरोबर वाटली. तीमध्ये प्रणालीबरोबर तिचे दस्तऐवजही असल्याने दूरध्वनीचा खर्च न करता हजारो पृष्ठे घरबसल्या हाती आली. पुढे वालचंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा लिनक्स-वापरकर्त्यांचा गट या भागात परिचित झाला.

पतसंस्था व सोसायट्यांच्या संगणकीकरणात डीबेस व फॉक्सप्रो या आज्ञावलींचा वापर विपुल होता. त्यांच्या डीबीएफ फाईलची रचना प्रसिद्ध होती आणि ती साधी होती. फाईलच्या आरंभी ३२ बाइटांचा मथळा, त्यात नोंदींची संख्या, मथळ्याची लांबी व एका नोंदीची लांबी. त्यानंतर प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटांचे वर्णन. आणि मग एकसारख्या लांबीच्या नोंदी. प्रत्येक नोंदीच्या प्रारंभी एक बाइट असते व नोंद रद्द केली असल्यास तेथे तारांकन येते. एवढे ज्याला ठाऊक आहे, तो कोणत्याही भाषेत ही फाईल वाचू शकतो. डीबेसच्या ॲश्टन-टेट या निर्मात्या कंपनीने स्पर्धक फॉक्स कंपनीवर १९८८ मध्ये दावा लावला होता. परंतु १९९१ मध्ये बोरलंड कंपनीने ॲश्टन-टेट विकत घेतल्यावर तो वाद निवळला. १९९० च्या सुमाराची डीबीएफ फाईल आजही वाचता येते, याचे श्रेय रचना प्रसिद्ध असण्याकडे जाते.

पण त्याच फाईलमधील सभासदांची मराठी नावे मात्र वाचता येतीलच असे नाही आणि येथे या विषयातील सर्वांत त्रासदायक अडचण उभी राहते.

देवनागरीचे संकेतन : भारतीय लिप्यांसाठी इस्की हे आठ द्विमान अंकांचे संकेतन भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, त्याचा प्रसार केला. इस्कीत अक्षराला संकेतांक दिलेला असतो, त्याच्या आकाराला नव्हे. छपाई व कचेरीच्या कामात मात्र निरनिराळ्या विक्रेत्यांचे फाँट अधिक चालले. त्यांत प्रत्येक आकाराला, उदा., अर्धा क, काना, रफार, ऱ्हस्व वेलांटी यांना, २५६ स्थानांपैकी एखादे स्थान दिलेले असे आणि ही वाटणी प्रत्येक विक्रेत्याची निराळी होती. लेखन ज्या क्रमाने डोळ्यांना दिसते त्या क्रमाने साठविले जाई. ‘किसन’ या नावात वेलांटी आधी व क नंतर. ‘सर्जेराव’ या नावात रफार ज च्या पुढे. त्यामुळे नावांची अकारविल्हे यादी करता येत नसे, शोध अवघड होई आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर ती नावे म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे.

वाटणीचा तक्ता प्रसिद्ध असता, तर हे सर्व लेखन एका साध्या आज्ञावलीने प्रमाणित संकेतनात आणता आले असते. पण अशा तक्त्यांकडे सामान्यतः व्यापारी गुपित म्हणून पाहिले जाई. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका पतसंस्थेत सभासदांची नावे अशाच एका फाँटात साठविलेली होती आणि तो फाँट पुरविणारा विक्रेता व्यवसायातून निवृत्त झाला होता. एका तरुणाने नावांची छापील यादी शेजारी ठेवून प्रत्येक आकाराचे स्थान वहीत लिहून काढले. दोनशेहून अधिक आकार जुळले. क्वचित येणारी काही जोडाक्षरे अखेरपर्यंत जुळली नाहीत, कारण ती असलेली नावे छापील यादीत नव्हती. ती नावे सभासदांना बोलावून विचारून पुन्हा लिहावी लागली. त्यांतील दोन सभासद हयात नव्हते आणि वारसांच्या कागदांवरील नाव व संस्थेच्या दप्तरातील नाव एकच आहे, हे ठरविण्यात बराच काळ गेला.

युनिकोडमुळे हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जागतिक मानकात देवनागरीला १२८ स्थाने देण्यात आली व त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोड हे प्रमाण संकेतन म्हणून अधिसूचित केले. मानकाचा संपूर्ण ग्रंथ विनामूल्य वाचता येतो. मात्र दस्तऐवज उपलब्ध असणे आणि तो वाचला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचे उत्तम उदाहरण मराठीतील अर्ध्या र चे आहे. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. युनिकोडच्या ग्रंथातील दक्षिण आशियाई लिप्यांच्या प्रकरणात या आडव्या र साठी नियम दिलेला आहे : खाली बिंदू असलेला ऱ आणि त्यापुढे हलंताचे चिन्ह. परंतु मानकाच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून साधा र, हलंताचे चिन्ह व शून्य रुंदीचा संयोजक ही दुसरी पद्धतही मान्य केली आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द असतात व युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या सर्वसाधारण नियमांनीही ते एक होत नाहीत.

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड या गावाचे नावच असे आहे. एका लिपिकाने पहिल्या पद्धतीने व दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने ते टंकलिखित केले असेल, तर कऱ्हाडच्या सभासदांची यादी मागितल्यावर अर्धी माणसे गळतात. आज्ञावली चुकली असे वाटत नाही, कारण यादी तर येते. हीच गत कुऱ्हाडे, गोऱ्हे, बिऱ्हाडे या आडनावांची होते. उपाय सोपा आहे : शोधापूर्वी दोन्ही रूपे एकात आणावीत. तो त्या प्रकरणातील दोन-तीन ओळी वाचणाऱ्यालाच सुचतो. ‘ॲ’ हे अक्षर तर २००८ मधील ५.१ या आवृत्तीत प्रथम स्वतंत्र स्थान पावले. तत्पूर्वीच्या लेखनात ते निरनिराळ्या रीतींनी लिहिलेले आढळते.

कायदेशीर बाजू : निर्मात्याने आपले दस्तऐवज प्रसिद्ध करावेत अशी सर्वसाधारण सक्ती भारतीय कायद्यात नाही. मात्र ते नसताना माहिती शोधून काढण्यास कायद्याने मुभा दिली आहे. लेखाधिकार अधिनियम, १९५७ यात १९९९ मध्ये झालेल्या व १५ जानेवारी २००० पासून अमलात आलेल्या सुधारणेने कलम ५२ च्या पोटकलम (१) मध्ये ‘एबी’ व ‘एसी’ हे खंड घालण्यात आले. पहिल्यानुसार, आज्ञावली कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने स्वतंत्रपणे लिहिलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळवून घेण्यासाठी अत्यावश्यक माहिती मिळविण्याकरिता केलेली कृती लेखाधिकाराचा भंग ठरत नाही. मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. दुसऱ्यानुसार, आज्ञावलीमागील कल्पना व तत्त्वे समजून घेण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करता येते. स्वतंत्र आज्ञावलीकारांपैकी फार थोड्यांना हे खंड ठाऊक असतात आणि विक्रेत्याच्या एका पत्राने ते काम सोडून देतात. यूरोपीय समुदायाने अशीच तरतूद १९९१ च्या निर्देशाने केली होती. कार्यपद्धती व आज्ञावलीची भाषा यांना लेखाधिकाराचे संरक्षण नाही, असे यूरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये सॅस कंपनीच्या प्रकरणात ठरविले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यात, जावा भाषेच्या आंतरपृष्ठातील सुमारे ११,५०० ओळींचा गूगलने केलेला वापर उचित ठरविला.

दस्तऐवज प्रसिद्ध करण्यास भाग पाडल्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण मायक्रोसॉफ्टचे आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल यांनी १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सुरू केलेली सांबा ही आज्ञावली, इतर प्रणालींचे संगणक विंडोजच्या जाळ्यात जोडते. तिच्या लेखकांनी त्या जाळ्यातील संदेश वर्षानुवर्षे तारेवर टिपून उलगडले होते. यूरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी यूरोचा दंड करून सुसंगतीसाठी लागणारी माहिती देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने आयोगाचा निर्णय मुख्यतः कायम केला. डिसेंबर २००७ मध्ये १०,००० यूरो एकदाच भरून सांबाच्या लेखकांना दस्तऐवज मिळाले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने सुमारे ३०,००० पृष्ठे सर्वांसाठी खुली करीत असल्याचे जाहीर केले. या तीस हजार पृष्ठांची गरज सांगलीतल्या एखाद्या माणसाला कधी पडली असेल काय, असा प्रश्न कोणी विचारील. कचेरीतील स्वस्त साठवण-यंत्रांत सांबाच असते व तिच्यावरच अनेक संस्थांची दप्तरे ठेवलेली असतात, हे त्याचे उत्तर होय.

शासन व मानके : शासन स्वतःच दस्तऐवजाचा कर्ता असते, तेव्हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण त्यातील नियम पाळणे नागरिकाला बंधनकारक असते. भारतीय मानके दीर्घकाळ किंमत देऊनच मिळत. कार्ल मॅलमुड या अमेरिकी कार्यकर्त्याने २०१३ पासून हजारो भारतीय मानके इंटरनेटवर खुली केली. त्याला ब्यूरोने आक्षेप घेतला व २०१५ मध्ये हा विषय दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यानंतरच्या काळात ब्यूरोने भारतीय मानके आपल्या संकेतस्थळावरून विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. यूरोपीय न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये, कायद्याचा भाग झालेल्या मानकांच्या उपलब्धतेत सार्वजनिक हित आहे, असा निर्णय दिला. केंद्र शासनाच्या २०१० मधील खुल्या मानकांच्या धोरणानुसार, ई-शासनासाठी निवडलेल्या मानकाचा दस्तऐवज विनामूल्य वा नाममात्र शुल्काने मिळाला पाहिजे. खुल्या आंतरपृष्ठांचे धोरण २०१५ मध्ये आले.

तथापि दस्तऐवज खुला असला, म्हणजे दार खुले असतेच असे नाही. वस्तू व सेवा करातील इलेक्ट्रॉनिक बीजकाचा नमुना अधिसूचनेद्वारे प्रसिद्ध झालेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीपासून सुरुवात होऊन १ ऑगस्ट २०२३ पासून ही अट ५ कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना लागू झाली, तेव्हा ती सांगलीच्या हळद व बेदाण्याच्या पेढ्यांपर्यंतही आली. पेढीसाठी आज्ञावली लिहिणारा माणूस नमुना वाचून बीजक अचूक तयार करू शकतो. कराच्या विवरणपत्रांच्या यंत्रणेशी थेट संधान बांधण्यासाठी मात्र त्याला मान्यताप्राप्त सुविधा-पुरवठादाराच्या मार्फत जावे लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने यात काही तथ्य आहे. पण चाचणीसाठी वेगळी ठेवलेली, खोट्या आकड्यांवर चालणारी यंत्रणा कोणत्याही नोंदणीकृत व्यक्तीला सहज वापरता येण्यास हरकत असू नये. चाचणीवाचून दस्तऐवजातील संदिग्ध जागा उघड होत नाहीत, हे वर दुधाच्या उदाहरणात आलेच आहे.

उद्योगसंघांच्या मानकांची पद्धत भिन्न आहे. यूएसबीचे विनिर्देश कोणालाही विनामूल्य मिळतात. पीसीआयचे विनिर्देश सभासद कंपन्यांना मिळतात. एसडी कार्डांच्या संघाने संक्षिप्त आवृत्ती खुली ठेवून पूर्ण आवृत्ती सभासदांपुरती राखली आहे. पीडीएफचे वर्णन ॲडोबी कंपनीने १९९३ पासून प्रसिद्ध केले. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, २०१७ ची दुसरी आवृत्ती विकत घ्यावी लागे आणि २०२३ पासून पुरस्कर्त्यांच्या साहाय्याने ती पुन्हा विनामूल्य मिळू लागली.

संस्थांचे स्वतःचे दस्तऐवज : निर्माते व शासन यांच्याकडे बोट दाखविताना, स्थानिक आज्ञावलीकारही आपल्या कामाचे वर्णन क्वचितच लिहून ठेवतो, हे सांगितले पाहिजे. पतसंस्था एका माणसाकडून आज्ञावली घेते. तो पुण्याला नोकरीस गेला किंवा त्याचे व संचालक मंडळाचे बिनसले, की पुढच्या माणसाला त्याच अनुमानाच्या वाटेने जावे लागते. रकान्यांची नावे, व्याज आकारण्याचा व पूर्णांकनाचा नियम, संकेतन आणि राखीव प्रत परत बसविण्याची कृती एवढे चार-सहा पृष्ठांत मावते. काही संस्था आता करारातच अशा लिखित वर्णनाची अट घालतात व ते मिळेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवतात. वारणा खोऱ्यातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला होता. काही वर्षांनी तेथील काही गावांत संगणकांऐवजी लघुसंदेश पाठविणारे भ्रमणध्वनी वापरून पाहण्यात आले. उसाच्या नोंदी व परवाने यांसारखी केंद्रावरची कामे मोजकी होती, म्हणून हे शक्य झाले. साधन बदलते तेव्हा कामाचे स्पष्ट वर्णनच एका साधनातून दुसऱ्यात नेता येते.

भाषेचा प्रश्न : वर उल्लेखिलेले जवळजवळ सर्व दस्तऐवज इंग्रजीत आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आता संगणकावरही पाहता येतात व त्यांत संगणकविषयक शब्द आहेत. लिब्रे ऑफिस, फायरफॉक्स यांसारख्या मुक्त आज्ञावलींची पडद्यावरील वाक्ये मराठीत झालेली आहेत. तांत्रिक संदर्भ-पुस्तिका मराठीत आणण्याचे प्रयत्न मात्र तुरळक आहेत. प्रत्येक पुस्तिकेचे भाषांतर शक्यही नाही व आवश्यकही नाही, कारण त्या वर्षा-दोन वर्षांत जुन्या होतात. ज्यांचा मराठी लेखनाशी साक्षात संबंध आहे, असे भाग थोडे व दीर्घकाळ टिकणारे आहेत : युनिकोडमधील देवनागरीचे प्रकरण, वर्णक्रमाचे नियम, इनस्क्रिप्ट कळफलकाचा तक्ता आणि जुन्या फाँटांचे, व्यक्तींनी कष्टाने जुळविलेले रूपांतर-तक्ते. यांतील शेवटचे तक्ते आज ठिकठिकाणी, ज्याच्या त्याच्या संगणकात विखुरलेले आहेत.